उंदरांकडून माशांकडे

२०२३च्या दिवाळीत पुण्याहून मामेभावाचा व्हिडिओ कॉल आला. आम्ही दोघं एकाच वर्षीचे. तो 'नीट'ची परीक्षा देऊन एमबीबीएसच्या दुसऱ्या वर्षाला पोचलेला, गळ्यात स्टेथोस्कोप, मागे वॉर्डातला गलका. मी इकडे अमेरिकेत, मिडवेस्टमधल्या एका सरकारी विद्यापीठाच्या लॅबमध्ये, समोर उंदरांच्या कानांचे टिकलीएवढे तुकडे टाकलेल्या बारा नळ्या. "म्हणजे तुझी अजून ॲडमिशनच झाली नाही?" त्यानं विचारलं. नाही झाली, म्हटलं. "मग तू तिथं करतेस काय?"

हा प्रश्न त्यानं सहज विचारला होता. पण त्या दोन महिन्यांत मला तो विचारणारा तो तिसरा माणूस होता, आणि तिघांनाही मला धड उत्तर देता आलं नव्हतं.

आधी थोडं इथल्या पद्धतीबद्दल, कारण फोनवर आजीला समजावताना माझी दर वेळी दमछाक होते. अमेरिकेत बारावीनंतर सहसा थेट मेडिकलला जाता येत नाही. आधी चार वर्षांची पदवी करायची, ती संगीतात केली तरी चालते, फक्त केमिस्ट्री, बायॉलॉजी, फिजिक्सचे ठरलेले कोर्स त्यात बसवायचे. मग एमकॅट नावाची परीक्षा, जिचे मार्क ४७२ ते ५२८ यांच्यामध्येच पडतात (शून्यापासून का मोजत नाहीत, हे आजीला अजून पटलेलं नाही). मग अर्ज, मुलाखती, आणि नशीब असेल तर पुढची चार वर्षं मेडिकल स्कूल. त्याच्या अलीकडे जे उभे असतात ते प्रीमेड. ती पदवी नाही, ती रांग आहे. अर्जात तुम्ही काय काय केलंत ते लिहायला पंधरा रकाने असतात, प्रत्येकात स्पेससकट सातशे अक्षरं. त्यातले तीन 'सर्वांत अर्थपूर्ण' म्हणून निवडायचे, त्यांना १,३२५ अक्षरं जादा मिळतात. हे आकडे प्रीमेडला पाढ्यांसारखे पाठ असतात. त्या पंधरातला निदान एक रकाना संशोधनाचा असावा, अशी सगळ्यांची समजूत असते. म्हणून पहिल्या वर्षापासून जो तो प्रोफेसरांना ईमेल पाठवत सुटतो.

मीही पाठवले. चाळीसेक पाठवले असतील. तीन उत्तरं आली, त्यातलं एक 'हो' होतं, आणि २०२२च्या जानेवारीत मी हृदयावर काम करणाऱ्या एका मोठ्या लॅबमध्ये लागले.

मोठ्या म्हणजे खरंच मोठ्या. वीसेक माणसं, दोन मजले. लॅबचे प्रमुख, ज्यांना इथं सगळे पीआय म्हणतात, आपल्या क्षेत्रात नावाजलेले. इथं विद्यार्थीही प्रोफेसरांना पहिल्या नावानं हाक मारतात. मी सातवीपर्यंत पुण्यात शिकलेली, तोंडानं नाव घेतलं तरी मनात 'सर'च म्हणते, त्यामुळे इथंही सरच म्हणते. पहिल्या दीड वर्षात सर माझ्याशी एकूण चार वेळा बोलले. त्यातली एक वेळ लिफ्टमधली.

मला शिकवलं ते एका बंगाली पोस्टडॉकनं, म्हणजे पीएचडीनंतर काही वर्षं लॅबमध्ये संशोधन करणाऱ्यानं. माझं काम जीनोटायपिंगचं. उंदराची पिल्लं तीन आठवड्यांची झाली की त्यांच्या कानाला बारीक भोक पाडतात, त्यातून निघालेला तुकडा माझ्याकडे यायचा. तो सोडियम हायड्रॉक्साइडमध्ये ९५ अंशांवर तापवायचा, डीएनए सुटा करायचा, पीसीआर लावायचा, म्हणजे हव्या त्या डीएनएच्या तुकड्याच्या असंख्य प्रती काढायच्या, मग अगारोजच्या वडीत, म्हणजे जेलमध्ये, नमुने भरून वीज सोडायची. तासाभरानं अतिनील प्रकाशात पट्टे दिसतात. अमुक उंचीवर पट्टा असेल तर पिल्लात अमुक जनुक आहे, नसेल तर नाही. शीटमध्ये अधिक किंवा उणे भरायचं. पुढचा पिंजरा.

पहिला पट्टा दिसला त्या दिवशी मी फोटो काढून घरी पाठवला होता. आईनं विचारलं, ही दुकानातली बारकोडची पट्टी आहे का. दोनशेव्या पट्ट्यानंतर मलाही ती तशीच दिसायला लागली.

तरी तक्रार नव्हती. कामाचे पैसे मिळत होते, आणि आमच्या घरात ते लहान कारण नव्हतं. आम्ही इथं आलो ते आत्यानं भावासाठी भरलेल्या ग्रीनकार्डाच्या अर्जावर. तो अर्ज मार्गी लागायला बारा वर्षांहून जास्त गेली. तोवर बाबा पुण्यात एका कंपनीत स्टोअर्स मॅनेजर झाले होते. २०१६मध्ये सेहेचाळिसाव्या वर्षी इथं येऊन त्यांनी गोदामात रात्रपाळी धरली, आईनं पाळणाघरात काम धरलं. माझी फी बरीचशी मदतीतून भागते आणि त्या मदतीत वर्क-स्टडी म्हणून एक भाग असतो: कॅम्पसवर काम करा, पगाराचा मोठा वाटा केंद्र सरकार उचलतं. लॅब मला तासावर पैसे देत होती ते त्यातून. म्हणजे उंदरांच्या कानांवर माझा महिन्याचा किराणा चालत होता.

पोस्टडॉक भला माणूस होता. "अजून एक वर्ष टिकून राहा," तो म्हणायचा, "संशोधनाच्या पेपरमध्ये तुझं नाव टाकू." मग २०२३च्या ऑगस्टमध्ये त्याला बॉस्टनकडच्या एका कंपनीत नोकरी लागली. निरोपाला केक कापला, आणि मला पीएचडीच्या चौथ्या वर्षाच्या एका ग्रॅड स्टुडंटच्या हवाली करून तो गेला. त्याचा राग नाही. घरी बाळ होतं, पोस्टडॉकचा पगार सगळ्यांना माहीत आहे. पण 'पेपरमध्ये नाव' हे वचन त्याच्या डेस्कवरच्या कॅक्टससारखंच मागे राहिलं. कोणी मुद्दाम टाकलं नाही, कोणी पाणीही घातलं नाही.

सप्टेंबरात ते उलट्या जेलचं प्रकरण बाहेर आलं.

हे जरा सविस्तर सांगते, कारण लॅब बदलायचा विचार डोक्यात आला तो त्यामुळे, आणि मी पुष्कळ दिवस त्याचा अर्थ चुकीचा लावत होते.

मे महिन्यात मी दोन पिंजऱ्यांतली बारा पिल्लं एकाच जेलवर तपासली होती. डावीकडून पहिली सहा पहिल्या पिंजऱ्यातली, पुढची सहा दुसऱ्यातली. जेलच्या कडेला लॅडर भरतात, म्हणजे मोजपट्टी. ती मी दोन्ही कडांना भरली होती, कारण तशी दिसायला छान वाटते. वीज सोडायच्या डब्यातून फोटोच्या यंत्रात ठेवताना जेल माझ्या हातून पालथं पडलं असणार. दोन्ही कडांना सारखीच मोजपट्टी, त्यामुळे उलटं की सुलटं ओळखायला काही खूणच उरली नाही. पहिल्या पिंजऱ्याचे निकाल दुसऱ्याच्या नावावर गेले आणि दुसऱ्याचे पहिल्याच्या.

माझ्या शीटवर विसंबून दुसऱ्या पिंजऱ्यातली चार पिल्लं मोठी झाल्यावर जुलैत शस्त्रक्रियेला गेली. भूल देऊन, छाती उघडून, हृदयाची एक रक्तवाहिनी बांधतात. उंदराला कृत्रिम हार्ट अटॅक येतो. चार आठवड्यांनी हृदय काढून त्याचे काप सूक्ष्मदर्शकाखाली बघतात. ज्या पेशींत क्रे नावाचं विकर काम करतं त्या लाल चमकायला हव्या होत्या. एकही चमकली नाही. चारही उंदीर क्रे नसलेले.

ग्रॅड स्टुडंटनं मला बोलावलं आणि मे महिन्याचा फोटो उघडून दाखवला. ओरडली नाही. "होतं," म्हणाली, "माझ्याकडूनही एकदा झालंय." मग तिनं शीटवर बोट ठेवलं. "पण हे बघ. या पिंजऱ्यात आई आणि बाप दोघंही क्रे-निगेटिव्ह आहेत. त्यांची पिल्लं पॉझिटिव्ह निघूच शकत नाहीत. हे तुला त्याच दिवशी खटकायला हवं होतं."

खटकलं नव्हतं, कारण आई-बाप कोण हे मला माहीतच नव्हतं. मला फक्त नंबर यायचे. मी अधिक-उणे भरत होते. आजी एक जुनी म्हण वापरते, सांगकाम्या ओ नाम्या. ती मीच.

त्या रात्री झोप आली नाही. चार उंदीर, एका सर्जनचे दोन दिवस, आणि एवढं सगळं एका पालथ्या पडलेल्या थरथरत्या वडीमुळे. सकाळी मी ठरवून टाकलं की ही लॅब वाईट आहे. इथं कोणी काही सांगत नाही, कोणी शिकवत नाही, आपण नुसते हमाल. लॅब बदलायची.

बदलायची म्हटलं आणि सल्ल्यांचा पाऊस सुरू झाला. प्रीमेडच्या सल्लागार बाईंनी पहिलाच प्रश्न केला, "आतापर्यंत तास किती झालेत?" मी आकडा सांगितला. त्या म्हणाल्या, एकाच ठिकाणी टिकून राहिलेलं दिसलं तर बरं, शिवाय मोठ्या नावाच्या प्रोफेसरचं शिफारसपत्र. मी म्हटलं, पण ते मला ओळखतच नाहीत. त्यावर त्या किंचित हसल्या आणि पत्र ग्रॅड स्टुडंटनं लिहायचं आणि प्रोफेसरनं खाली सही करायची ही रीत असते, असं म्हणाल्या. ही रीत असते हे खरंच आहे. तरी ते ऐकून मला कसंतरीच झालं.

बाबांना फोन केला तर त्यांचं ठरलेलं वाक्य: "धरसोड बरी नाही गं." सेहेचाळिसाव्या वर्षी मॅनेजरची खुर्ची सोडून गोदामात खोकी उचलायला आलेला माणूस मला धरसोडीवर सांगत होता. मी तसं म्हटलं नाही. पण पलीकडे जरा वेळ शांतता पसरली, म्हणजे ते त्यांच्याही मनात आलं असावं. मग म्हणाले, "पगाराचं काय होईल तेवढं बघून घे."

ते बघायला मी फायनान्शियल एडच्या कचेरीत गेले, आणि मला दीड वर्षं माहीत नसलेली गोष्ट पाच मिनिटांत कळली. वर्क-स्टडी लॅबच्या नावावर नसतं, माझ्या नावावर असतं. नव्या लॅबनं मला कामावर घेतलं, कागद भरले, की उरलेली रक्कम तिकडे वापरता येते. ज्या कारणासाठी मी स्वतःला बांधून घेतलं होतं ती दोरी कुठं बांधलेलीच नव्हती. काउंटरवरचा मुलगा माझ्याच वर्षाचा. त्यानं मला फॉर्म दिला आणि पुढच्याला हाक मारली.

ऑक्टोबरात मी दोन लॅबमध्ये भेटायला गेले. पहिली लगेच सोडून दिली, तिथला पीआय पंधरा मिनिटं स्वतःच्या स्टार्टअपबद्दल बोलला. दुसरी झेब्राफिशची.

झेब्राफिश म्हणजे बोटाच्या पेरापेक्षा थोडा मोठा, अंगावर निळे पट्टे असलेला मासा. मूळचा आपल्याच बाजूचा, भारत, नेपाळ, बांगलादेशातल्या ओढ्यांतला, भातखाचरांतला. पुण्यात ॲक्वेरियमच्या दुकानांत सर्रास मिळतो, आणि आमच्या जुन्या घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर, आघारकर संशोधन संस्थेतही त्याच्यावर काम चालतं, हे मला इथं येऊन कळलं. लॅबच्या बाई नव्या, असिस्टंट प्रोफेसर, येऊन तिसरं वर्ष. माणसं चार, खोली एक, शेजारी टाक्यांची दमट खोली. मी माझं काम सांगितलं. जीनोटायपिंग, पीसीआर, जेल, सगळं येतं म्हटलं. त्यांनी मान डोलावली आणि विचारलं, "त्या उंदरांमध्ये नेमकं काय बंद केलंय? आणि ते बंद केल्यावर काय व्हावं असं तुमच्या सरांना वाटतं?"

मला जनुकाचं आद्याक्षरांचं नाव सांगता आलं. त्यापुढे काही नाही. मी काहीतरी 'फायब्रोसिस' वगैरे पुटपुटले. बाई ताडकन काही बोलल्या नाहीत, पण त्यांनी पेन खाली ठेवलं. मग म्हणाल्या, "शनिवारी सकाळी नऊला ये. अंडी बघायला."

त्या खोलीत चौदा तास दिवस आणि दहा तास रात्र असते, घड्याळावर लावलेली. आदल्या संध्याकाळी नर आणि मादी एका छोट्या टाकीत, मध्ये पारदर्शक आडपडदा घालून ठेवतात. सकाळी दिवे लागले की पडदा काढायचा. थोड्याच वेळात जाळीखाली अंडी पडायला लागतात, साबुदाण्याहून बारीक. बाईंनी आदल्या दिवशीची अंडी सूक्ष्मदर्शकाखाली लावली. काचेसारखा गर्भ, अजून धड मासाही नाही, आणि त्यात काहीतरी थडथडत होतं. चोवीस तासांचं हृदय. एक नुसती नळी, तालही नीट जमलेला नाही. मी किती वेळ बघत होते कोण जाणे.

इथं मला स्वतःला सावध करावं लागलं. सुंदर दिसतं म्हणून लॅब बदलणं म्हणजे गच्ची आवडली म्हणून फ्लॅट घेणं. म्हणून मी त्यांच्याकडे आधी काम केलेल्या एका मुलीला गाठलं. ती म्हणाली: पहिले तीन महिने टाक्या घासायच्या. बाई दर आठवड्याला भेटतात आणि डेटा स्वतः बघतात, लपवायला जागा नाही. पेपर कमी, कारण लॅब नवी. आणि बाईंना अजून मोठं अनुदान मिळालेलं नाही. इथं नव्या प्रोफेसरला कायम होण्यासाठी सहा-सात वर्षं मिळतात, तेवढ्यात एनआयएच या केंद्र सरकारच्या आरोग्य-संशोधन संस्थेचं आर-शून्य-एक नावाचं मोठं अनुदान मिळालं तर बरं, नाहीतर गाशा गुंडाळायची वेळ येऊ शकते. म्हणजे एकीकडे भरल्या घरातला वळचणीचा कोपरा, आणि दुसरीकडे नुकतं मांडलेलं बिऱ्हाड.

थँक्सगिव्हिंगच्या आधी आत्याकडे गेले. आत्या तीस वर्षं नर्स आहे, त्यातली निम्मी आयसीयूत. तिनं माझं सगळं ऐकून घेतलं, उलट्या जेलचंही. मग कढीला फोडणी देता देता म्हणाली, "तू त्या सरांना कधी विचारलंस का, हे उंदीर कशासाठी म्हणून?"

"ते भेटतच नाहीत गं."

"भेट मागितलीस?"

नव्हती मागितली. दोन वर्षं होत आली, वीस माणसांच्या लॅबमध्ये दर सोमवारी मीटिंग होते, तिला यायला मला कोणी बंदी केली नव्हती. माझा तेव्हा ऑर्गॅनिक केमिस्ट्रीचा तास असायचा, आणि पुढच्या सेमिस्टरला नसायचा तेव्हाही मी गेले नाही. सर्जनचे दोन दिवस वाया गेले ते मला कोणी सांगितलं नाही म्हणून, हे अर्धं खरं. उरलेलं अर्धं आत्याच्या स्वयंपाकघरात कढीबरोबर उकळत होतं.

"जायचं तर जा," आत्या म्हणाली. "पण पेशंट सोडताना चार्ज नीट द्यायचा. आणि चार्ज द्यायला आधी पेशंटला काय झालंय ते माहीत हवं."

मी सरांना ईमेल केला. तीन आठवड्यांनी वेळ मिळेल असं वाटलं होतं, चौथ्या दिवशी मिळाली. वीस मिनिटं ठरली होती, चाळीस झाली. मी सरळ विचारलं, मी ज्यांचं जीनोटायपिंग करते ते उंदीर कशासाठी आहेत. त्यांनी आधी माझ्याकडे जरा आश्चर्यानं बघितलं, मग उठून फळ्याकडे गेले.

ती चाळीस मिनिटं माझ्या कॉलेजमधला सर्वांत चांगला तास होता, हे मला मान्य करावंच लागेल. माणसाच्या हृदयाचा स्नायू जवळजवळ नव्यानं तयार होत नाही. २००९मध्ये स्वीडनमधल्या संशोधकांनी हे मोजलं, तेही अणुचाचण्यांमुळे हवेत आलेल्या कार्बन-१४चा माग काढून: पंचविशीत वर्षाला सुमारे एक टक्का पेशी बदलतात, पंचाहत्तरीत अर्ध्या टक्क्याहूनही कमी. म्हणून अटॅकनंतर तिथं स्नायू येत नाही, व्रण येतो. तो व्रण लगेच वाईट नसतो, तो नसता तर हृदय फाटलं असतं. पण पुढे तोच कडक होतो. त्यांची लॅब व्रण घडवणाऱ्या पेशींत एक जनुक बंद करून बघत होती: व्रण पुरेसा व्हावा, पण जास्त होऊ नये. माझ्या पट्ट्यांचा अर्थ एवढा होता. मग सर म्हणाले, "एक दिवसाच्या उंदराचं हृदय कापलं तर भरून येतं. सातव्या दिवशी ते जमत नाही. त्या आठवड्यात काय हरवतं, कोण जाणे. आणि झेब्राफिशचं तर आयुष्यभर भरून येतं, २००२चा पेपर वाच, हृदयाच्या कप्प्याचा पाचवा हिस्सा कापला तरी दोन महिन्यांत जागेवर."

मी कुठं जाणार आहे हे त्यांना अजून सांगितलंच नव्हतं.

सांगितलं. ते फळ्यासमोर तसेच उभे राहिले. मग त्यांनी जे केलं त्यानं सगळंच अवघड झालं. ते म्हणाले, "थांबायचं असेल तर दुसऱ्या एका पोस्टडॉकबरोबर जोडून देतो. पेपर वर्षभरात जाईल. तुझं स्वतःचं छोटं काम असेल."

आता काय? लॅब वाईट आहे म्हणून सोडायची होती. लॅब वाईट नव्हती. मी रागाच्या भरात पायाखाली घेतलेली फळीच निसटली. पुढचे दहा दिवस मी अक्षरशः रोज मत बदललं. खोलीतली मैत्रीण सकाळी विचारायची, "आज उंदीर की मासे?"

शेवटी मी त्या दुसऱ्या पोस्टडॉककडे गेले आणि एकच प्रश्न विचारला, तुम्ही इथं कधीपर्यंत आहात? तो प्रामाणिक निघाला. म्हणाला, येत्या हिवाळ्यात नोकऱ्यांना अर्ज करतोय, मिळाली तर उन्हाळ्यात जाईन. म्हणजे पुन्हा केक, पुन्हा कॅक्टस. त्या लॅबमध्ये शिकवणारी माणसं प्रवासी होती आणि जे कायमचे होते त्यांच्यापर्यंत पोचायला मला दोन वर्षं आणि एक आत्या लागली होती. कोणाचा दोष नाही, एवढ्या मोठ्या लॅबचा गाडा तसाच चालतो. काही मुलं त्यात छान तरतात, न विचारता शिकतात, सोमवारच्या मीटिंगला जाऊन बसतात. मी तशी नाही, हे मला एव्हाना कळलं होतं. मला कोणीतरी दर आठवड्याला 'दाखव बघू' म्हणणारं हवं होतं. हे कारण अर्जात चांगलं दिसत नाही. पण माझं खरं कारण तेच.

डिसेंबर अखेरपर्यंत राहिले. चार्ज दिला. एक फाइल बनवली: प्रत्येक पिंजऱ्याच्या पानावर आई-बापांचं जीनोटाइप वर, पिल्लांचं खाली, म्हणजे अशक्य निकाल आला तर डोळ्यांना टोचावा. पहिल्या पानावर मोठ्या अक्षरांत लिहिलं, लॅडर फक्त डावीकडे. माझ्या जागी आलेल्या पहिल्या वर्षाच्या मुलाला तीन आठवडे शिकवलं, आणि प्रत्येक जेलआधी त्याला विचारलं, यातून काय निघायला हवं असं वाटतंय? तो वैतागायचा. सोमवारच्या मीटिंगला मी उरलेल्या तिन्ही वेळा गेले. जाताना सरांकडे शिफारसपत्राचं विचारलं, तर म्हणाले, "आता लिहू शकतो." त्या 'आता'वर मी अजून मधूनमधून विचार करते.

माशांकडे सगळं गोड झालं असं नाही. जानेवारी ते एप्रिल टाक्या घासल्या, आर्टेमियाची, म्हणजे खाऱ्या पाण्यातल्या कोळंबीसारख्या बारक्या जीवांची, पिल्लं उबवून माशांना घातली, हातांना कायम समुद्राचा वास. मेमध्ये शनिवार-रविवारी पाण्याचा पंप बंद पडला आणि मी चार महिने वाढवलेल्या माशांपैकी निम्मे सोमवारी पोटं वर करून तरंगत होते. बाईंनी माझ्या पहिल्या पोस्टरचा मसुदा एवढा लाल केला की तो मी आईला दाखवला नाही. बुधवारी दुपारी दोन वाजता त्यांच्यासमोर बसायचं, आणि 'हे असं का?' याला 'माहीत नाही' एवढंच उत्तर चालायचं नाही. 'माहीत नाही, पण असं असेल तर तसं दिसेल' हे चालायचं. मंगळवारी रात्री माझ्या पोटात गोळा यायचा, अजूनही येतो.

जुन्या लॅबचा पेपर २०२५च्या सुरुवातीला आला. त्यात माझे उंदीर आहेत, माझे पट्टे पुरवणीत आहेत, आणि मी आभारांच्या ओळीत आहे, आडनावातलं एक अक्षर गाळून. थांबले असते तर बहुतेक लेखकांच्या यादीत असते. हे वाचून एक संपूर्ण संध्याकाळ वाईट गेली, खोटं कशाला बोलू. माशांचा पेपर अजून लिहायचाच आहे.

जूनमध्ये अर्ज भरला. तीन 'सर्वांत अर्थपूर्ण' रकान्यांत संशोधनाला एक जागा ठेवली होती. मासे लिहिले, मग खोडले, आणि उंदीर लिहिले. उलटं जेल, चार उंदीर, आणि फळ्यासमोरची चाळीस मिनिटं २,०२५ अक्षरांत बसवायला मला नऊ दिवस लागले. सल्लागार बाई म्हणाल्या, स्वतःची चूक एवढी ठळक लिहू नये. ती तशीच ठेवली.

आता वर्षभर माशांच्याच लॅबमध्ये टेक्निशियन आहे, मुलाखतींची वाट बघत. मागच्या महिन्यात आई-बाबा पहिल्यांदा लॅब बघायला आले. बाबांनी टाक्यांच्या रांगेसमोर हात मागे बांधून एक फेरी मारली. "हे तर झेब्रे," म्हणाले, "आपल्या टाकीत होते की, तू तिसरीत असताना. मांजरानं खाल्ले." मी त्यांना खुर्चीवर बसवलं, चष्मा काढायला लावला, सूक्ष्मदर्शक त्यांच्या डोळ्यांना जुळवून दिला. खाली आदल्या दिवशीचा गर्भ होता. ते बराच वेळ वाकून बसले. आई मागून म्हणाली, "अहो, मलाही बघू द्या."

ते सरळ झाले, चष्मा लावला, माझ्याकडे बघितलं. "इथं पगार वेळेवर होतो ना गं?"

"होतो," म्हटलं.

"बरं," म्हणाले, आणि पुन्हा वाकले.